नेव्हीवाले तात्या गेले, आणि त्यांच्या घरच्यांना वाट दाखवायला कुणी नव्हतं: मराठवाड्यातील आठही जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी (जिल्हा सैनिक मंडळाचे अध्यक्ष या नात्याने),
मा. जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी,
आणि सर्व सरपंच व ग्रामसेवक, मराठवाडा

सप्रेम नमस्कार.

तेरणेच्या काठावर, 1993 च्या भूकंपानंतर नव्या जागी वसलेल्या एका गावात यंदा नौदलाचे एक निवृत्त चीफ पेटी ऑफिसर वारले. वय 63. पंचक्रोशीत त्यांना नेव्हीवाले तात्या म्हणत. मातीला सारं गाव होतं, शेजारच्या चार गावांतले पेन्शनर होते. सैनिक कल्याणाच्या यंत्रणेतलं मात्र कुणीच नव्हतं, कारण तिथे कुणाला कळलंच नव्हतं आणि कळवावं अशी सोयही कुठे नाही. त्याच सुमारास तालुक्याला महिन्यातून एकदा येणारे सैनिक कल्याण कार्यालयाचे कल्याण संघटक यायचे बंद झाले. आता ज्याला काम असेल त्याने जिल्ह्याला यावं, असं तोंडी सांगण्यात येतं. लेखी आदेश मागितला तर मिळत नाही. काकूंचं, म्हणजे तात्यांच्या पत्नीचं, कुटुंब निवृत्तिवेतन अजून सुरू झालेलं नाही.

हे पत्र लिहिणारे आम्ही माजी नौसैनिक, काही दिवंगत नौसैनिकांच्या पत्नी आणि मुलं आहोत. आमच्या घरच्या लोखंडी पेट्यांतही तेच कागद आहेत आणि त्या कागदांत त्याच चुका आहेत. जे तात्यांच्या घरी झालं ते उद्या आमच्या प्रत्येकाच्या घरी व्हायचं आहे. म्हणून हे चारचौघांत लिहितो आहोत.

आधी तात्यांविषयी, कारण फाइलीवर त्यांचा फक्त नंबर आहे.

1981 साली ते नौदलात भरती झाले. ओडिशातल्या आयएनएस चिल्कावर सुरुवातीचं प्रशिक्षण, मग लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीत इंजिनाचं काम, आणि तिथून लिअँडर वर्गातल्या फ्रिगेटच्या बॉयलर रूममध्ये. ही जहाजं वाफेवर चालत: दोन बॉयलर, दोन टर्बाइन. बॉयलरवर उभ्या असलेल्या माणसाची नजर गेज ग्लासमधल्या पाण्याच्या रेषेवरून हलायची नाही. पाणी खाली गेलं तर नळ्या उघड्या पडून जळतात. पाणी वर चढलं तर ते वाफेबरोबर टर्बाइनमध्ये शिरतं आणि पाती मोडतात. चार-चार तासांचा वॉच, 45-50 अंशांची उष्णता, आणि वर समुद्र शांत आहे की खवळलेला हे फक्त पायाखालच्या हेलकाव्यावरून कळायचं. दुष्काळी गावातून गेलेल्या पोराने बावीस वर्षांत बहुतेक समुद्र जहाजाच्या पोटातूनच अनुभवला. 2003 मध्ये चीफ म्हणून ते निवृत्त झाले.

त्यातली लग्नानंतरची वर्षं काकूंनी गावात एकटीने काढली. पत्ता एकच असायचा: नाव, नंबर, जहाज, मार्फत फ्लीट मेल ऑफिस, मुंबई. जहाज कुठेही असो, पत्र तिथूनच पुढे जायचं. वर्षाची 60 दिवसांची रजा तात्या तुरीच्या राशीला आणि लेकरांच्या परीक्षेला जुळवून घेत. किल्लारीच्या भूकंपात घर पडलं, तेव्हा दोन लेकरं आणि एक म्हैस घेऊन काकू पत्र्याच्या शेडमध्ये राहिल्या. लग्नाचे आणि नौदलाने दिलेले बरेच कागद त्या ढिगाऱ्यातच गेले. हा तपशील लक्षात असू द्यावा, पुढे तो लागणार आहे.

निवृत्तीनंतर तात्या पहाटे चारला उठत. बारा ते चारचा वॉच संपवण्याची अंगवळणी पडलेली वेळ. चूल पेटवायची, म्हशीची धार काढायची, ज्वारीचं पीठ मळून परातीत झाकून ठेवायचं आणि मग काकूंना उठवायचं. तिने इतकी वर्षं पहाट पाहिली, आता तिने झोपावं, एवढंच ते म्हणत. धाकट्या मुलीला त्यांनी मोटारीचं वायंडिंग शिकवलं, थोरलीला नर्सिंगला घातलं, नातवाला विहिरीत पोहायला शिकवताना स्वतः आधी उतरून तळाचा गाळ आणि दगड पाहून घेतले.

गावच्या नळयोजनेचा पंप ते फुकट पाहत. शाफ्टभोवतीच्या ग्लँडमधून पाणी गळतं म्हणून कुणी नट आवळून ठेवले की ते चिडत. ग्लँड दोरी शाफ्टवर घासते, तिला थोडं पाणी लागतंच. मिनिटाला 40 ते 60 थेंब पडायला हवेत. पूर्ण कोरडी आवळली तर दोरी जळते, शाफ्टला चरे पडतात, आणि मग दोनशे रुपयांच्या दोरीऐवजी शाफ्ट बदलण्याचा खर्च ग्रामपंचायतीच्या बोकांडी बसतो. जुनी दोरी पूर्ण काढायची, नवीन दोरीचे तुकडे शाफ्टला गुंडाळून तिरके कापायचे, प्रत्येक रिंगचा जोड आधीच्या जोडासमोर येणार नाही असा फिरवायचा, आणि दोन्ही नट आळीपाळीने पाव-पाव फेरा आवळायचे. गावातली तीन पोरं हे काम आता बिनचूक करतात.

पण लोकांना त्यांची खरी गरज पडायची ती नोव्हेंबरात. देवळाच्या सभामंडपात मोबाइल घेऊन ते बसत आणि आजूबाजूच्या सगळ्या माजी सैनिकांचे, विधवांचे हयातीचे दाखले करून देत. हे काम बारीक आहे, आणि बहुतेक ठिकाणी ते इथेच बिघडतं. जीवन प्रमाण ॲपमध्ये पेन्शन मंजूर करणारं कार्यालय निवडावं लागतं. पीसीडीए म्हणजे संरक्षण खात्याचं लेखा कार्यालय, आणि स्पर्श ही त्या खात्याची ऑनलाइन पेन्शन प्रणाली. भूदलाच्या माणसाला ‘डिफेन्स - पीसीडीए (पी) अलाहाबाद’, तर नौदलाच्या माणसाला ‘डिफेन्स - पीसीडीए (नेव्ही) मुंबई’. पेन्शन वाटणारं कार्यालय मात्र दोघांनाही ‘स्पर्श - पीसीडीए (पेन्शन्स) अलाहाबाद’. पीपीओ, म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा, नंबर स्पर्शचा नवा टाकायचा, जुना नाही. सेवा केंद्रावरचा मुलगा सवयीने बँकेचं नाव निवडतो, पावती निघते, म्हातारा समाधानाने घरी जातो, दाखला भलतीकडे जातो आणि पुढे पेन्शन थांबते. तात्यांकडून केलेल्या दाखल्याची पेन्शन थांबल्याचं आमच्या ऐकिवात नाही.

असा माणूस गेला. आता आमच्या तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी: मृत्यूनंतर पहिल्या आठवड्यात काय करायचं हे घरच्यांना सांगणारं कुणीच नाही. बँकेने काकूंना पेन्शनचं पुस्तक आणायला सांगितलं. वास्तविक संरक्षण खात्याची पेन्शन आता स्पर्श या प्रणालीतून थेट खात्यावर येते, बँकेकडे फक्त खातं असतं. मग नवीन खातं उघडा म्हणाले. पती-पत्नीचं संयुक्त खातं असेल आणि पत्नीचं नाव पीपीओत असेल, तर नवीन खात्याचा आग्रह धरायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो शाखेत कुणाला माहीत नव्हता. दरम्यान मृत्यूची नोंद स्पर्शवर न झाल्याने पुढच्या महिन्याची पेन्शन तात्यांच्याच नावाने जमा झाली. अशी रक्कम घरच्यांनी अजाणता काढली की ती नंतर वसूल होते, आणि ज्या महिन्यात हातात काहीच नसतं नेमकी त्याच महिन्यात.

यातच आणखी एक गोष्ट, जी कुणी सांगत नाही. स्पर्शच्या लॉगिनचा ओटीपी मयत माणसाच्या मोबाइलवर जातो. घरचे लोक ‘आता कशाला’ म्हणून रिचार्ज करत नाहीत, काही महिन्यांत नंबर बंद पडतो आणि दार बाहेरून लागतं. मुलाने तात्यांचं सिम चालू ठेवलं म्हणून निदान एवढी अडचण टळली.

दुसरी तक्रार नावांची. नौदलाच्या नोंदीत काकूंचं नाव लग्नानंतर तात्यांनी भरून दिलेल्या जेनफॉर्मप्रमाणे, म्हणजे नौदलाच्या ठरावीक अर्जाप्रमाणे, आहे. आधारवर नाव वेगळं, कारण ते शिबिरात तोंडी सांगून लिहिलेलं, आणि जन्मतारीख 1 जानेवारी. पॅन कार्डावर तिसरंच. मराठवाड्यातल्या साठीपुढच्या किती बायांची जन्मतारीख 1 जानेवारी किंवा 1 जून आहे हे आपल्या तहसीलदारांना विचारा. नौदलाचा कागद ज्या घरात होता ते घर 1993 ला पडलं, त्यामुळे ताडून पाहायला घरात काही उरलं नव्हतं. ही तफावत पती हयात असताना त्याच्या सहीच्या अर्जाने बरीच सोपी सुटते. तो गेल्यावर प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रातली जाहिरात, पुन्हा अर्ज आणि दुरुस्त पीपीओची वाट पाहणं, एवढं सगळं एका विधवेच्या गळ्यात पडतं.

तिसरी तक्रार जिल्ह्याच्या नावाची. ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण अर्ज यावरून परत आले आहेत. 1981 साली भरती झालेल्या आमच्या भागातल्या मुलाच्या कागदावर जिल्हा उस्मानाबाद आहे. 1982 ला लातूर वेगळा झाला. 2023 ला उस्मानाबादचं धाराशिव झालं, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. जालना 1981 ला वेगळा झाला, हिंगोली 1999 ला. भूकंपग्रस्त गावं तर जागेवरूनच उठली. जुन्या गावठाणाचा पत्ता आज अस्तित्वात नाही. मुंबईच्या नौदल कार्यालयात बसलेल्या कारकुनाला हे कसं कळावं? ‘जुना जिल्हा व नवीन जिल्हा एकच, जुनं गावठाण व पुनर्वसित गाव एकच’ असा एक ओळीचा दाखला तहसील कार्यालयाने द्यायला हवा. काकूंच्या मुलाला तो मिळाला नाही, कारण अशा दाखल्याचा नमुना नाही, असं उत्तर आलं.

चौथी: नौदल म्हणजे काय हे आपल्या कार्यालयांना नीट ठाऊक नाही. आम्ही हे रागाने म्हणत नाही. मराठवाड्यातून भूदलात जाणारे जास्त, त्यामुळे सगळे नमुने त्यांच्या सोयीचे. अर्जात ‘रेजिमेंट’चा रकाना असतो. नौदलात रेजिमेंट नसते. रकाना रिकामा दिसला की कुणीतरी अंदाजाने अर्ज बेळगावला, भूदलाच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्राकडे, पाठवतं. नौसैनिक कुठल्याही जहाजावरचा, कुठल्याही कामाचा असो, त्याच्या नोंदी एकाच ठिकाणी असतात: ब्युरो ऑफ सेलर्स, चीता कॅम्प, मानखुर्द, मुंबई. नौदलाचं पेन्शन कार्यालयही मानखुर्दलाच. शिवाय नौसैनिकाच्या नंबराच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असतं. ते गाळून नंबर लिहिला की नोंद जुळत नाही. तात्यांच्या पहिल्या अर्जावर ते अक्षर नव्हतं. अर्ज भरून देणाऱ्याला वाटलं, चुकून लिहिलं असेल.

पाचवी, घरपट्टी. माजी सैनिक आणि त्यांच्या विधवांना एका घराच्या घरपट्टीतून सूट देणारी योजना राज्य सरकारने 2020 मध्ये आणली. तात्या हयात असताना सूट मिळत होती. ते गेल्यावर ग्रामपंचायतीने काकूंच्या नावे मागणीचं बिल काढलं. योजनेत तर विधवा पत्नीही येते.

पैशाचंही स्पष्ट बोलू. कुटुंब निवृत्तिवेतनाचे दोन दर आहेत. वाढीव दर शेवटच्या वेतनाच्या 50 टक्के. पेन्शनर निवृत्तीनंतर वारला तर तो 7 वर्षं, किंवा तो माणूस 67 वर्षांचा झाला असता तिथपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर मिळतो. त्यानंतर 30 टक्के. तात्या 63 व्या वर्षी गेले, म्हणजे काकूंना वाढीव दर साधारण चार वर्षंच मिळणार. उशीर झाला तरी थकबाकी मिळते हे खरं. पण सोयाबीनचं बियाणं जूनमध्येच घ्यावं लागतं आणि रक्तदाबाच्या गोळ्या रोज लागतात. त्या थकबाकीवर थांबत नाहीत.

आणि एका गोष्टीबद्दल गैरसमज नको. आम्ही तात्यांच्या पार्थिवावर तिरंगा पांघरला नाही म्हणून तक्रार करत नाही. राष्ट्रध्वज शासकीय आणि लष्करी इतमामाच्या अंत्यविधीलाच पांघरता येतो, ध्वजसंहिता आम्हाला माहीत आहे आणि तिचा मान आम्ही कुणापेक्षा कमी राखत नाही. आपल्या कार्यालयातल्या एका माणसाने पुष्पचक्र घेऊन यावं, काकूंसमोर दोन मिनिटं उभं राहावं आणि जाताना कोणते कागद कुठे द्यायचे हे सांगून जावं, एवढी अपेक्षा अवाजवी आहे का? 7 डिसेंबरला माजी सैनिकांच्या कल्याणासाठीचा ध्वजदिन निधी गावातल्या शाळेतली पोरंसुद्धा जमा करतात. तात्यांच्या गावानेही दरवर्षी दिला.

आमच्या मागण्या अशा.

तालुका दौरा पुन्हा सुरू करा. महिन्यातला एक दिवस ठरवा, तहसीलच्या फलकावर आणि ग्रामपंचायतीत तो लिहा, आणि दौरा रद्द झाला तर आधी कळवा. किनवटच्या माणसाला नांदेड शंभर किलोमीटरहून लांब आहे. वाहन नाही, माणसं कमी आहेत, हे कारण असेल तर तेही लेखी सांगा. आम्ही सैनिक कल्याण विभागाकडे पुण्याला आपल्या बाजूने लिहू.

जन्ममृत्यूची नोंद ग्रामसेवकाकडेच होते. मृत व्यक्ती माजी सैनिक असेल तर त्याने तीन दिवसांत सैनिक कल्याण कार्यालयाला फोन आणि संदेश करावा, असं परिपत्रक काढा. 21 दिवसांच्या आत नोंद केली तर शुल्क नसतं, हे घरच्यांना तिथेच सांगावं, आणि दाखल्यावर नाव पीपीओतलंच लिहावं. गावात तात्या म्हणत असले तरी दाखल्यावर ‘ऊर्फ’ नको.

घरच्यांच्या हातात मराठीत छापलेला एक कागद द्या. त्यात एवढंच असावं: स्पर्शवर मृत्यू कळवणं; मृत्यू दाखला, पीपीओ, सेवेचा दाखला, पत्नीचं आधार, पॅन, पासबुक आणि फोटो; मृत्यूच्या दिवसापर्यंतच्या पेन्शनची राहिलेली रक्कम वारसाला मिळते हे; ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या वैद्यकीय योजनेचं, कार्ड पत्नीच्या नावे मुख्य सभासद म्हणून बदलणं; नेव्हल ग्रुप इन्शुरन्सचा निवृत्तीनंतरचा विमा चालू आहे का ते प्रमाणपत्र काढून पाहणं; आणि मयताचं सिम बंद न करणं. मानखुर्दचा पत्ता खाली ठळक छापा.

दरवर्षी ऑक्टोबरात, हयातीच्या दाखल्याच्या आधी, प्रत्येक तालुक्यात कागद तपासणीचं शिबिर घ्या. पती-पत्नी दोघांनी यावं. पीपीओतलं पत्नीचं नाव आणि जन्मतारीख आधार-पॅनशी ताडून पाहावी. तफावत निघाली तर घाईने आधार बदलू देऊ नका: आधारवर नाव आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते. आधी नौदलाच्या नोंदीत नेमकं काय आहे ते मागवून घ्यावं, आणि मग कोणता कागद कोणत्या कागदाप्रमाणे करायचा ते ठरवावं. सेवा केंद्र चालवणाऱ्यांनाही या शिबिरात बसवा आणि नौदल, भूदल, हवाई दल यांचे पर्याय कसे निवडायचे ते एकदा दाखवा. तात्या जे सभामंडपात करत होते ते आता कुणाच्या तरी कामाचा भाग व्हायला हवं.

अर्जातला ‘रेजिमेंट’चा रकाना ‘दल व अभिलेख कार्यालय’ असा करा. जुन्या-नव्या जिल्ह्याच्या आणि पुनर्वसित गावाच्या दाखल्याचा नमुना ठरवून तहसीलदारांना पाठवा. काकूंच्या नावे निघालेलं घरपट्टीचं बिल मागे घ्या, आणि जिल्ह्यातल्या अशा सगळ्या विधवांची बिलं तपासा.

शेवटची मागणी तात्यांच्या नावाची. पुतळा नको, कमान नको. गावच्या ग्रामपंचायतीत एक नोंदवही ठेवा. त्यात गावातून सैन्यात, नौदलात, हवाई दलात गेलेल्या प्रत्येकाचं नाव, भरतीचं आणि निवृत्तीचं साल, काम काय केलं, कुठे केलं हे असावं, आणि सोबत पत्नीचं नाव, कारण त्या काळातलं शेत आणि घर तिने सांभाळलं. आमच्या तालुक्यातल्या नौसैनिकांची माहिती आम्ही स्वतः भरून देऊ. पहिलं पान तात्यांचं आणि काकूंचं.

या पत्राचं लेखी उत्तर 4 डिसेंबरच्या, म्हणजे नौदल दिनाच्या, आत मिळावं. काकूंच्या फाइलीची प्रत सोबत वेगळ्या पाकिटात पाठवली आहे. त्यांचा खासगी तपशील म्हणून ती इथे छापलेली नाही. त्या फाइलीत आता एकच कागद कमी आहे, तो म्हणजे तहसीलचा गावठाणाबद्दलचा दाखला. तो आपण एका दिवसात देऊ शकता.

आपले,
मराठवाड्यातील काही माजी नौसैनिक आणि त्यांची कुटुंबं